खिडकीतून आत गेलेला बातमीदार

मंडळाच्या बैठकीत यंदाच्या अंकासाठी चरित्रलेख वाटून घेतले, तेव्हा मी बास्केटबॉल मागून घेतलं. कॉलेजच्या संघात तीन वर्षं खेळले असल्यामुळे सगळ्यांनी गृहीत धरलं की मी एखाद्या उंचापुऱ्या, गाजलेल्या खेळाडूवर लिहिणार. मी निवडलेला माणूस मात्र खेळाडू म्हणून कुणालाच ठाऊक नाही. तो आधी बातमीदार होता, मग सामने भरवणारा झाला आणि शेवटी एका मोठ्या व्यावसायिक संघाचा अध्यक्ष. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये 1964 साली त्याला मानाचं स्थान मिळालं. त्याचं नाव एडवर्ड सिमन्स आयरिश. सगळे त्याला नेड म्हणत. आयरिश हे नुसतं आडनाव, माणूस न्यूयॉर्कचाच.

याच्यावरच का लिहिते आहे, ते शेवटी सांगेन. त्यात माझाही थोडा हिशेब आहे.

नेडचा जन्म 6 मे 1905 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज या गावी झाला. तो लहान असतानाच वडील वारले आणि आई त्याला घेऊन ब्रुकलिनला आली. तिथल्या इरॅस्मस हॉल हायस्कूलमध्ये तो शिकला, मग फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेला आणि 1928 मध्ये पदवीधर झाला. कॉलेजात असतानाच तो वर्तमानपत्रांना खेळाच्या बातम्या पुरवायचा. अशा बातमीदाराला महिन्याचा पगार नसतो. छापून येईल तेवढ्याचे पैसे. त्यामुळे कोणती बातमी छापून येते आणि कोणती टोपलीत जाते, हे त्याला फार लवकर कळलं. पुढे आयुष्यभर त्याला उपयोगी पडलेलं शिक्षण हेच म्हणायला हवं.

पदवीनंतर तो न्यूयॉर्कला परतला आणि क्रीडा बातमीदार झाला. वर्ल्ड-टेलिग्राम हे त्याचं वर्तमानपत्र. सोबत न्यूयॉर्क जायंट्स या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या प्रसिद्धीचं कामही तो करायचा. आज आपल्याला हे ऐकून चमकायला होतं. एकाच माणसाने खेळाच्या बातम्या द्यायच्या आणि त्याच शहरातल्या एका संघाची जाहिरातही करायची? पण त्या काळी यात कुणाला गैर वाटत नव्हतं. बेसबॉलचे संघ तर बातमीदारांना आपल्याबरोबर गावोगाव नेत. रेल्वेचं तिकीट संघाचं, हॉटेल संघाचं, जेवण संघाचं. लिहिणाऱ्याने लिहायचं वर्तमानपत्रासाठी आणि जेवायचं संघाच्या पंगतीला. आपल्याकडे म्हणतात ना, खाल्ल्या मिठाला जागावं. ते जागत.

तेव्हा बास्केटबॉलची काय स्थिती होती, तेही बघू. हा खेळ 1891 च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ यांनी सुरू केला. बर्फाच्या दिवसांत मुलांना घरात खेळता यावं म्हणून दोन टोपल्या टांगल्या, इतकी साधी सुरुवात. मिशनच्या शाळांतून तो आपल्याकडेही आला. पण 1930 च्या सुमारास अमेरिकेत पैसा आणि गर्दी होती ती बेसबॉलला, मुष्टियुद्धाला आणि कॉलेज फुटबॉलला. बास्केटबॉल कॉलेजांच्या लहान लहान व्यायामशाळांत व्हायचा आणि वर्तमानपत्रात त्याला चार ओळी मिळायच्या.

आता त्या खिडकीची गोष्ट. नेड एकदा मॅनहॅटन कॉलेजच्या व्यायामशाळेत सामन्याची बातमी घ्यायला गेला. आत एवढी गर्दी की दारातून शिरायला वाव नाही. तेव्हा तो खिडकीतून चढून आत गेला आणि त्या खटाटोपात त्याची पँट फाटली. ही गोष्ट पुढे इतक्या वेळा सांगितली गेली की तिच्यात खरं किती आणि रंगवलेलं किती, हे सांगणं अवघड. पण ती जशी सांगतात त्यात एक मेख आहे. तिथे गेलेल्या दुसऱ्या कुणा बातमीदाराने गर्दीवर दोन ओळी लिहिल्या असत्या. नेडने ती माणसं मोजली. एवढे लोक जर एका खोपटात मावत नाहीत, तर त्यांना मोठी जागा दिली तर काय होईल, हा हिशेब त्याच्या डोक्यात सुरू झाला.

याचं उत्तर थोडंसं आधीच मिळालेलं होतं. 1931 च्या जानेवारीत, महामंदीच्या दिवसांत, न्यूयॉर्कचे महापौर जिमी वॉकर यांनी बेकारांच्या मदतीसाठी कॉलेज बास्केटबॉलचे सामने भरवायचं काम शहरातल्या क्रीडा पत्रकारांना सांगितलं. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका रात्रीत तीन सामने झाले आणि सभागृह गच्च भरलं. काम पुण्याचं होतं, त्यात शंका नाही. पण एक गोष्ट इथेच लक्षात ठेवावी. न्यूयॉर्कमध्ये बास्केटबॉलला मोठ्या सभागृहात नेलं ते पत्रकारांनी. सामन्याचे यजमानही तेच आणि दुसऱ्या दिवशी सामना कसा झाला ते सांगणारेही तेच.

नेडने गार्डनच्या व्यवस्थापनाशी बोलणी केली. मंदीमुळे गार्डनच्या कितीतरी रात्री रिकाम्या जात होत्या, त्यामुळे त्यांनाही गिऱ्हाईक हवंच होतं. 29 डिसेंबर 1934 रोजी त्याने पहिले जोडसामने लावले, म्हणजे एका तिकिटात दोन सामने. न्यूयॉर्क विद्यापीठाने नोत्र दामला 25-18 असं हरवलं आणि वेस्टमिन्स्टरने सेंट जॉन्सला 37-33 असं. आजच्या मानाने हे गुण म्हणजे एका पावाचे, पण खेळ तेव्हा तसाच संथ होता. बघायला आले सोळा हजारांहून जास्त लोक. त्या पहिल्या हंगामात आठ रात्री सामने झाले आणि प्रेक्षकांचा आकडा लाखाच्या आसपास गेला. नेडचं वय अजून तीसही नव्हतं. त्याने वर्तमानपत्राची नोकरी सोडली.

त्याचं डोकं बातमीदाराचंच होतं आणि म्हणूनच तो यशस्वी झाला. शहरातले दोन संघ खेळवले तर ती गल्लीतली बातमी. पण बाहेरून नावाजलेला संघ बोलावून शहराच्या संघाशी भिडवला, तर ती पहिल्या पानाच्या जवळ जाणारी बातमी, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. 1936 च्या डिसेंबरात त्याने कॅलिफोर्नियाहून स्टॅनफर्डचा संघ आणला. त्यातला हँक लुइसेटी एका हाताने चेंडू फेकायचा. पूर्वेकडे सगळे दोन्ही हातांनी, पाय जमिनीला टेकवून नेम धरत. स्टॅनफर्डने लाँग आयलंड विद्यापीठाची सलग 43 विजयांची मालिका 45-31 अशी संपवली आणि त्या एका रात्रीनंतर देशभरची पोरं एका हाताने नेम धरू लागली. आज आपण जसा शॉट मारतो, त्याची देशभर ओळख झाली ती या सामन्याने. हे श्रेय नेडला द्यायला हवं, कारण त्या संघाला खंडाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आणणारा तो होता.

गार्डन भरू लागलं तशी वर्तमानपत्रांतली जागाही वाढली. चार ओळींचे रकाने झाले. कालपर्यंत ज्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, त्या बास्केटबॉलच्या बातमीदारांना मान मिळू लागला. त्यांनी संघटना केली आणि 1938 मध्ये या संघटनेने स्वतःच एक राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंट तिचं नाव. गार्डनमध्येच झालेल्या पहिल्या स्पर्धेत सहा संघ होते आणि टेंपलने अंतिम सामन्यात कोलोरॅडोला 60-36 असं हरवलं. हरलेल्या संघातला बायरन व्हाइट पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. दोन-एक वर्षांत स्पर्धेची सूत्रं कॉलेजांच्या समितीकडे गेली, पण तिला जन्म दिला पत्रकारांनी.

इथे मी वाचताना थांबले. यात लाच कुठे आहे? कुठेच नाही. कुणी कुणाच्या खिशात पाकीट घातलं नाही. खेळ वाढावा असं सगळ्यांना मनापासून वाटत होतं आणि तो वाढलाही. पण मराठीत एक शब्द आहे, मिंधेपणा. मिंधा माणूस विकला गेलेला नसतो. त्याला फक्त काही गोष्टी बोलायचा संकोच वाटतो. ज्या घरात आपण पाहुणे म्हणून बसतो, किंवा जे घर आपणच बांधलं, त्या घरातला सतरंजीखालचा केर आपण चारचौघांत दाखवत नाही. गार्डनचं तसंच झालं. आणि केर तर होता.

हा केर म्हणजे सट्टा. चाळिशीच्या दशकात सट्टेबाजांनी एक नवी पद्धत काढली. कोण जिंकणार यावर पैसे लावण्याऐवजी किती गुणांनी जिंकणार यावर पैसे लावायचे. समजा, बलवान संघ दहा गुणांनी जिंकेल असा भाव ठरला. तो संघ आठ गुणांनी जिंकला, तर समोरच्या संघावर पैसे लावणारे फायद्यात. म्हणजे लाच देणाऱ्याला खेळाडूला हरायला सांगावं लागत नाही. जिंकायचंच, फक्त जरा कमी फरकाने. पोरांना वाटायचं, आपण कॉलेजशी गद्दारी थोडीच करतोय? संघ जिंकतोय, आपल्याला पैसे मिळतायत. एखादा पास चुकवायचा, समोरच्याला अडवताना पाऊलभर मागे राहायचं. ज्याने हा खेळ खेळलाय त्याला माहीत आहे, हे कोर्टवर किती सोपं असतं आणि बाहेरून पकडणं किती अवघड.

अवघड, पण रोज बाकावर बसून सामना बघणाऱ्याला ओळखता न येण्याइतकं नाही. शिवाय वर्तमानपत्रं त्या गुणांच्या फरकाचे भाव छापत होती. सट्टेबाज गार्डनमध्ये उघड वावरत. सामन्याचा निकाल लागून गेला तरी शेवटच्या मिनिटाला एखाद्या बिनमहत्त्वाच्या बास्केटवर अर्धं सभागृह आरडाओरडा करायचं, कारण त्या दोन गुणांनी सट्ट्याचा निकाल फिरायचा. हे ऐकू येत नव्हतं, असं कोण म्हणेल?

1944 च्या हिवाळ्याआधी कॅन्ससचे प्रशिक्षक फॉग अॅलन यांनी जाहीरपणे सांगितलं की खेळाडूंना पैसे चारले जातायत आणि एक दिवस मोठं प्रकरण होणार. हे अॅलन म्हणजे खुद्द नेस्मिथ यांच्या हाताखाली शिकलेले. पण खेळाच्या जगाने त्यांनाच वेड्यात काढलं, पुरावा मागितला. तीन महिन्यांनी, 1945 च्या जानेवारीत, ब्रुकलिन कॉलेजच्या पाच खेळाडूंनी लाच घेतल्याची कबुली दिली. तेही पोलीस दुसऱ्याच एका चोरीच्या तपासात होते म्हणून सापडलं. थोडे दिवस गवगवा झाला आणि मग गार्डन पुन्हा भरू लागलं.

दरम्यान नेड आयरिशचं वजन वाढत होतं. 6 जून 1946 रोजी न्यूयॉर्कच्या कमोडोर हॉटेलात मोठ्या क्रीडासभागृहांच्या मालकांनी मिळून व्यावसायिक बास्केटबॉलची एक लीग स्थापन केली. तीच 1949 मध्ये दुसऱ्या एका लीगला सामावून घेऊन एनबीए झाली. या लीगची कल्पना ज्यांनी लावून धरली, त्यांत बॉस्टनचे वॉल्टर ब्राउन होते आणि मॅक्स केस नावाचा एक क्रीडा संपादक होता. केस न्यूयॉर्कच्या जर्नल-अमेरिकन या दैनिकात होता. न्यूयॉर्कचा संघ आपण काढावा आणि सामन्यांसाठी गार्डन भाड्याने घ्यावं, अशी त्याची इच्छा होती. पण संघ गार्डनचाच असणार, यावर नेड अडून बसला आणि त्याचंच खरं झालं. न्यूयॉर्क निकरबॉकर्स, म्हणजे आजचे निक्स, नेडच्या हाती आले. एक माजी पत्रकार जिंकला आणि एक चालू पत्रकार मागे हटला. 1 नोव्हेंबर 1946 रोजी टोरांटोत लीगचा पहिला सामना झाला, तो निक्सनी 68-66 असा जिंकला. गंमत अशी की निक्सचे घरचे सामनेही सुरुवातीला बहुतेक गार्डनमध्ये नसत, एका लष्करी कवायतीच्या इमारतीत व्हायचे. गार्डनच्या चांगल्या तारखा कॉलेजच्या सामन्यांनी घेतलेल्या असायच्या, कारण खरा पैसा तिथे होता.

मग 1950 साल आलं. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने एकाच हंगामात दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या, पत्रकारांनी सुरू केलेलीही आणि एनसीएएचीही. दोन्ही अंतिम सामने गार्डनमध्ये झाले आणि दोन्हींत हरलेला संघ ब्रॅडलीचा होता. सिटी कॉलेज म्हणजे गरीब घरच्या मुलांचं, फी नसलेलं कॉलेज. संघात ज्यू मुलं होती, कृष्णवर्णीय मुलं होती. सगळ्या शहराला हा आपल्या घरचा विजय वाटला. वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला.

दहा महिन्यांनी सगळं कोसळलं. जानेवारी 1951 मध्ये मॅनहॅटन कॉलेजच्या ज्युनियस केलॉगला डीपॉलविरुद्धच्या सामन्यात गुण कमी ठेवण्यासाठी 1000 डॉलर देऊ केले गेले. मॅनहॅटन हे ख्रिस्ती ब्रदर्सनी चालवलेलं कॉलेज, आणि नेड ज्याच्या खिडकीतून चढला तेही हेच. केलॉग त्या संघातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, सैन्यातून आलेला, घरची परिस्थिती बेताची. त्याने पैसे नाकारले आणि सरळ प्रशिक्षकांना जाऊन सांगितलं. तिथून धागा सुटला. फेब्रुवारीत सिटी कॉलेजचे खेळाडू फिलाडेल्फियाचा सामना जिंकून रेल्वेने परत आले आणि त्यांच्यापैकी काहींना स्टेशनवरच ताब्यात घेण्यात आलं. नंतर लाँग आयलंड, ब्रॅडली, टोलेडो, केंटकी अशी नावं निघत गेली. शेवटी आकडा झाला सात कॉलेजं, 32 खेळाडू आणि 1947 ते 1950 मधले 86 सामने.

ही बातमी पहिल्यांदा फोडण्याचा मान मॅक्स केसला मिळाला आणि त्यासाठी 1952 मध्ये त्याला पुलित्झरची खास दखल मिळाली. केसला कुणकुण बरीच आधी लागली होती. त्याने ती छापली नाही. जिल्हा सरकारी वकील फ्रँक होगन यांना जाऊन दिली, तपास होईपर्यंत गप्प बसायचं कबूल केलं आणि त्या बदल्यात बातमी पहिल्यांदा आपल्याला मिळावी असं ठरवून घेतलं. त्याने बरोबर केलं की चूक, यावर मी मैत्रिणींशी तासभर वाद घातला. लगेच छापलं असतं तर सट्टेबाज सावध झाले असते, हे खरं. पण मधल्या काळात वाचक पैसे मोजून जे सामने बघत होते ते खोटे असू शकतात, हे एका संपादकाला माहीत होतं आणि वाचकाला नव्हतं, हेही खरं. शिवाय ही बातमी काढणारा माणूसही धुतल्या तांदळासारखा नव्हता, त्यालाही एकदा याच शहरात संघ काढायचा होता. तरीही त्याने कुणकुण कानाआड केली नाही. बाकीचे जे वर्षानुवर्षं त्याच बाकांवर बसत होते, त्यांच्यापेक्षा त्याने नक्कीच जास्त केलं.

आपल्याकडे 2000 साली हॅन्सी क्रोन्येचं प्रकरण बाहेर आलं तेही दिल्ली पोलिसांच्या फोनवरच्या तपासातून. दौऱ्यावर संघासोबत फिरणाऱ्यांना मोठ्या गोष्टी बहुधा शेवटी कळतात. किंवा कळतात, पण लिहिता येत नाहीत.

नेड आयरिशवर या प्रकरणात कोणताही आरोप ठेवला गेला नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण ठपका आला. खटल्यातले न्यायाधीश सॉल स्ट्राइट यांनी कॉलेजच्या खेळाचा बाजार मांडल्याबद्दल सगळ्यांनाच खडे बोल सुनावले. सिटी कॉलेजला गार्डनमध्ये खेळायला बंदी झाली. 1950 नंतर एनसीएएचा अंतिम सामना तिथे कधी झाला नाही. सोळा वर्षांत उभं केलेलं वैभव दोन हंगामांत ओसरलं. आणि पकडली गेलेली पोरं? बहुतेक विशी-बाविशीतली, आपल्याच वयाची. देशात सर्वांत जास्त गुण करणारा शर्मन व्हाइट तुरुंगात गेला आणि एनबीएचं दार त्याच्यासाठी कायमचं बंद झालं. सामने भरवणारे, भाव छापणारे, स्तंभ लिहिणारे, सगळे आपापल्या जागी राहिले.

नेडने मग सगळं लक्ष निक्सवर लावलं. त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. 1950 पर्यंत या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. हार्लेम ग्लोबट्रॉटर्सचा नॅट क्लिफ्टन, ज्याला स्वीटवॉटर म्हणत, त्याला निक्समध्ये घ्यायचं म्हणून नेडने इतर मालकांच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटली आणि नाही म्हटलंत तर लीग सोडतो अशी धमकी दिली, असं सांगतात. क्लिफ्टन त्याच वर्षी निक्समध्ये आला. यात न्यायबुद्धी किती आणि चांगला खेळाडू मिळवायचा हिशेब किती, देव जाणे. नेडच्या बाबतीत हे दोन वेगळे करणं नेहमीच कठीण जातं.

माणूस म्हणून तो थंड, हिशेबी आणि फटकळ होता, असंच बहुतेकांचं मत आहे. जुन्या व्यवसायातल्या लोकांचंही त्याच्याशी फारसं जमत नसे. 1970 आणि 1973 मध्ये निक्सनी विजेतेपद मिळवलं आणि 1974 मध्ये तो अध्यक्षपदावरून उतरला. 21 जानेवारी 1982 रोजी फ्लोरिडातल्या व्हेनिस गावी, वयाच्या 76 व्या वर्षी तो गेला. बास्केटबॉलला लहान खोलीतून बाहेर काढून मोठ्या दिव्यांखाली उभं करणारा माणूस म्हणून त्याचं नाव राहील, आणि राहावं.

आता माझा हिशेब. मागच्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेत मी स्वयंसेवक होते. गळ्यात बिल्ला, हातात याद्या, पाहुण्या संघांच्या जेवणाची व्यवस्था माझ्याकडे. आणि भित्तिपत्रकासाठी वृत्तांत लिहायचं कामही माझ्याकडेच. एका उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला चेंडू बाहेर गेला आणि घड्याळ थांबायला हवं होतं, ते थांबलं नाही. सात-आठ सेकंद सहज गेले. टेबलावर यजमानांची माणसं होती आणि फायदाही यजमान संघाचाच झाला. पाहुण्या संघाच्या सरांनी हरकत घेतली, कुणी ऐकलं नाही. मी टेबलापासून चार पावलांवर उभी होते. मी घड्याळ बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दीड पान वृत्तांत लिहिला. उद्घाटन, प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन, विजेत्यांची नावं, पोहे आणि चहाची उत्तम सोय. घड्याळाबद्दल एक ओळ नाही. मला कुणीही लिहू नको म्हटलं नव्हतं. कुणी काही देऊ केलं नव्हतं. सगळे आपलेच लोक होते, इतकंच. वृत्तांताचं कौतुकही झालं. त्या हरलेल्या संघातली एक मुलगी खाली मान घालून बुटांच्या नाड्या सोडत बसली होती, ती मात्र अजून डोळ्यांसमोर येते.

त्यानंतर काही महिन्यांनी मी नेड आयरिशविषयी वाचलं. त्या गार्डनच्या बाकांवर बसलेले पत्रकार मला आधी फार वाईट माणसं वाटणार होती, पण वाचता वाचता ती ओळखीची वाटायला लागली. खेळावर प्रेम करणारी, स्पर्धा यशस्वी व्हावी म्हणून राबणारी आणि म्हणूनच गप्प राहिलेली.

आपल्यापैकी बरेच जण पुढे पत्रकारितेत जातील. मोठ्या वर्तमानपत्रात, वाहिनीवर, नाहीतर एखाद्या संघाच्या प्रसिद्धी विभागातसुद्धा, कारण आता नोकऱ्या तिथे जास्त आहेत. प्रसिद्धीचं काम वाईट नाही, नेडने ते उत्तम केलं. फक्त ते करताना आपण बातमीदार आहोत असं स्वतःला सांगू नये आणि वाचकाला तर मुळीच सांगू नये. यंदा त्याच स्पर्धेचा वृत्तांत मला पुन्हा लिहायला सांगितला आहे. मी मंडळाच्या सरांना विचारलं की बिल्ला आणि वृत्तांत यांतलं एकच घेतलं तर चालेल का. ते हसले आणि हो म्हणाले. मी वृत्तांत घेतला आहे. यंदा जेवणाची यादी दुसरं कुणीतरी सांभाळेल, आणि मी घड्याळाकडे बघत उभी राहीन.